शेवटच्या तासाचं पाणी

पत्र्याच्या वर्गात दुपारी दोननंतर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. बाकाची कड चटका द्यायची. वहीवरचा हात उचलला की कागद हाताबरोबर वर यायचा. फळ्यावर लिहिणाऱ्या सरांच्या पाठीवर घामाचा नकाशा रोज नवा असायचा. गेल्या खेपेला पाऊस अर्ध्यातून पाठ फिरवून गेला होता, आणि आता लोकांनी आभाळाकडे बघायचंही सोडलं होतं. उगाच मान कशाला दुखवून घ्यायची?

कुरळ्या केसांची म्हणून जिला सगळे कुरळी म्हणत, ती पडली भूगोलाच्या तासाला. नद्यांची नावं सांगायला उभी राहिली, दोन नद्या सांगितल्या आणि तिसरीच्या आधीच खाली गेली. बाकाची कड कपाळाला लागली. पोरींनी तिला उचलून चिंचेखाली आणलं. शाळेच्या माठात तळाचा गाळ तेवढा होता. शेवटी शिपायाने स्वतःच्या बाटलीतलं घोटभर पाणी तिच्या तोंडावर मारलं.

डोळे उघडून कुरळी म्हणाली, "तिसरी आठवली होती मला."

"राहू दे. तिलाही पाणी नाही," तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली मुलगी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. ती मुलगीही हसली, आणि कुरळीच्या कपाळावर तिने रुमाल दाबून धरला.

ही शाळेची विद्यार्थीप्रमुख. सगळ्यात वरच्या वर्गात होती. घरी आत्या हिला कारभारीण म्हणायची. ते नाव घरातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून शाळेत कधी पोचलं ते तिलाही कळलं नाही.

त्या शाळेत प्रमुखाच्या वाट्याला दोन गोष्टी यायच्या, छातीवर लावायचा पितळी बिल्ला आणि घंटा. घंटा म्हणजे व्हरांड्याच्या आढ्याला टांगलेला रुळाचा तुकडा आणि तो वाजवायची लोखंडी कांब. पण तिचा आवाज टेकाडावरच्या टाकीपासून गावाच्या खालच्या टोकापर्यंत स्वच्छ जायचा. कारभारणीचा जीव बिल्ल्यापेक्षा घंटेवर जास्त होता. टोला मारला की कांबेतून एक मुंगी कोपरापर्यंत चढायची आणि तीनशे पोरं जागची उठायची.

त्या संध्याकाळी तिने अर्ज लिहिला. मधल्या सुट्टीनंतरचे तिन्ही तास चाळीसऐवजी तीस मिनिटांचे करावेत. उरलेला अर्धा तास सगळ्या वर्गांनी चिंचेखाली बसून अभ्यास करावा. शाळा सुटायची वेळ होती तीच. दोन दिवसांत अडीचशे सह्या झाल्या. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "यात वाईट काही दिसत नाही."

आणि सही केली. खरं सांगायचं तर यात वाईट काही कुणालाच दिसलं नाही.

कारभारणीचा बाप गावाला पाणी सोडायचा. त्याला चावीवाला म्हणत. आळ्या सहा, आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी खड्ड्यात एक व्हॉल्व्ह. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर घेऊन बाप या खड्ड्यातून त्या खड्ड्याकडे जायचा. चावी बसवायची, आडव्या दांड्याला छाती लावायची आणि रेटायचं. अकरा आटे उघडायचे, पाळी संपली की अकरा आटे बंद. बाप आटे आकड्यांनी मोजत नसे. दर आट्याला एकदा "देवा" म्हणायचा. अकरा वेळा देवाला हाक मारली की पाणी.

पूर्वी पाळ्या घड्याळावर होत्या. घड्याळं घरोघरी होती, म्हणून भांडणंही घरोघरी होती. वरच्या आळीचं घड्याळ पुढे, खालच्या आळीचं मागे, आणि बापाच्या मनगटावरचं मधे असल्यामुळे दोघांच्याही लेखी खोटं. एकदा एकमेकांच्या डोक्यात बादल्या घालेपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा गावाने बसून ठरवलं, शाळेचा एक तास म्हणजे एका आळीचं पाणी. घंटा सगळ्यांना सारखी ऐकू येते आणि तिचं कुणाशी सोयरं नाही. पहिल्या तासाला वरची आळी, अशी उतरत उतरत सहाव्या तासाला खालची. सुट्टीच्या दिवशी शाळाही बंद, पाणीही बंद. बापाने मनगटावरचं घड्याळ काढून त्या दिवशी जे फळीवर ठेवलं ते बारा वर्षं तिथेच होतं.

कारभारणीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. इतकं ठाऊक होतं, की ती त्याचा विचार करत नसे. आपण श्वास घेतो, तो मोजतो का?

*

आठवडा झाला आणि खालच्या आळीत कुरकुर सुरू झाली. सात घागरी भरायच्या तिथे पाच भरू लागल्या. तिच्या वरच्या दोन आळ्याही कुजबुजत होत्या. त्यात बापाने आपल्या हाताने आपल्यासाठी खड्डा खणला. संध्याकाळी टाकीत काठी बुडवून पाणी मोजायची त्याची सवय. एरवी कोरडी येणारी काठी भिजून वर आली तेव्हा तो चमकला. तडक पाणी समितीच्या अध्यक्षांकडे गेला. हे अध्यक्ष पिठाच्या गिरणीचे मालक, सगळे त्यांना तात्या म्हणत.

"तात्या, टाकीत पाणी उरतंय. दीड हात."

"उरतंय?" तात्यांनी भुवया झाडल्या, तसं त्यावरचं पीठ खाली पडलं. "इकडे लोक बोंबलतात आणि तिकडे उरतंय?"

"तेच म्हणतो. बघायला पाहिजे कुणीतरी."

उरलेल्या पाण्यावर सकाळी नवं पाणी चढलं की टाकी भरून वाहायची, आणि तो ओघळ नेमका तात्यांच्या नव्या भिंतीच्या वाळूपाशी यायचा. ओली वाळू गावाने पाहिली होती. बोटं तात्यांकडे वळायच्या आत ती दुसरीकडे वळलेली त्यांना हवी होती.

कारभारणीची आई तात्यांच्या गिरणीत धान्य निवडायला जायची. शेतातली कामं सुकल्यावर तेवढंच राहिलं होतं. त्या संध्याकाळी ती आली, पदराने तोंड पुसलं आणि दाराशीच बसली.

"खालच्या आळीतल्या बायका म्हणतात, चावीवाला आटे चोरतो. अकराच्या जागी सातच उघडतो."

बापाचा घास हातातच राहिला. "आटे चोरतो? आणि ठेवतो कुठे, खिशात?"

"चोरले असते तर घरात एखादा दिसला असता," आत्या म्हणाली. "इथे कंदिलाच्या वातीचाही आटा बसत नाही." आत्या बापाची थोरली बहीण. कमरेतून वाकलेली, जिभेने सरळ.

"हसण्यावारी नेऊ नका, वन्सं. शिंपीण तर गिरणीत सगळ्यांसमोर म्हणाली, तोंडाने देव आणि हाताने चोरी."

बापाने घास ताटात ठेवला. हात धुवायला उठला, आणि तांब्यातलं पाणी बोटांवर अगदी थेंबाथेंबाने घेतलं, जणू कुणी मोजत होतं.

कारभारीण अभ्यासाला बसली होती. "बाबा, त्यांना आटे मोजून दाखवा ना," ती म्हणाली.

"दाखवतो की. लपवायचंय काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी पाळीच्या वेळी त्याने बायकांना खड्ड्याशी बोलावलं. चावी बसवली, छाती लावली. शिंपीण, म्हणजे कुरळीची आई, कमरेवर हात ठेवून मोठ्याने मोजू लागली. मानेत कापड मोजायची पट्टी तशीच लोंबत होती. एक, दोन, तीन. पहिल्यांदाच बापाला आकड्यांवर आटे फिरवावे लागले. सहाव्याला त्याचा ताल चुकला, दांडा सटकला आणि छातीवर बसला. सदरा टर्रकन उसवला. कुणी हसलं नाही, पण कुणी पुढेही आलं नाही.

"अकरा," शिंपीण म्हणाली. "आमच्या डोळ्यांसमोर अकरा. पाठीमागे किती, ते देव जाणे."

"देव जाणतो ना? मग झालं," बाप छाती चोळत म्हणाला.

"देवाच्या घागरी रिकाम्या नाहीत, चावीवाले. आमच्या आहेत."

बायका एकेक घागर भरू लागल्या आणि बघता बघता घंटा झाली. बाप वाकला आणि आटे बंद करू लागला. शिंपिणीची पाचवी घागर गळ्यापर्यंतही आली नव्हती.

तात्यांनी निकाल लावला. "परवा समिती येईल. खालच्या आळीची पूर्ण पाळी समितीसमोर. घागरी मोजायच्या. दूध का दूध, पाणी का पाणी."

*

ती घंटा कारभारणीने दिली होती. कांब टेकवून ती क्षणभर व्हरांड्यात थांबली. शाळा उंचावर, तिथून खालची आळी तळहातावर घेतल्यासारखी दिसायची. घागरींची रांग. खड्ड्याशी बायकांचा घोळका. त्यात बापाची वाकलेली पाठ. आपण टोला मारला आणि ती पाठ वाकली. एका बाईने दोन्ही हात आभाळाकडे उडवले.

कांब अजून हातात गुणगुणत होती. कारभारणीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तीस मिनिटं.

ती बोटांवर हिशेब करू लागली. अर्जावर सही झाल्यापासून तिने हे पंचेचाळीस टोले मोजून मारले होते. दर दुपारी तीन. एकेक टोला दहा मिनिटं आधी. खालच्या तीन आळ्यांची दहा दहा मिनिटं तिने स्वतःच्या हाताने तोडली होती, आणि तोडलेलं सगळं पाणी टाकीत गोळा होऊन बापाच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

चिंचेखाली कुरळी तिच्या शेजारी येऊन बसली. कपाळावरची खपली निघत आली होती. "काय गं, भूत पाहिलंस?"

कारभारणीने सांगितलं. कुरळी आधी हसली, मग हसू अर्ध्यात मिटलं.

"सांगितलंस तर तास परत चाळीसचे होतील," ती म्हणाली. "आपण सगळे परत तव्यावर."

"आणि नाही सांगितलं तर बाबा चोर."

"चोर म्हणण्यात माझी आईच पुढे आहे." कुरळीने गवताची वाळकी काडी मोडली. "तिचं आजकाल काही खरं नाही. कामं मागे पडतात, चिडते, सुई टोचून घेते. तू आधी मोठ्या सरांना सांग. सही त्यांची आहे."

मोठ्या सरांनी ऐकलं. चष्मा कपाळावर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"हे मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "मी या गावात नऊ वर्षं आहे. माझ्याही घरी त्याच घंटेवर पाणी येतं. पण आमची आळी वरची." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "बघ, नव्या खोल्यांचा कागद तात्यांच्याच टेबलावर आहे. शाळेने गावाचं पाणी तोडलं असं झालं तर तुमच्या डोक्यावरचा पत्रा आणखी दहा वर्षं हलत नाही. सोमवारपासून मी तास हळूच पूर्ववत करतो. बभ्रा नको."

"आणि सर, परवा?"

"परवाचं परवा बघू."

ती घरी आली. बाप भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई त्याच्या छातीला तेल चोळत होती. दांड्याचा वळ काळानिळा उमटला होता. कारभारीण दोनदा जवळ गेली. पहिल्यांदा बापाने डोळ्यांवर हात घेतला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "बाळ, तुझी घंटा तेवढी खरी आहे या गावात. बाकी सगळे आपल्या घागरीचे."

आता बोलायचं कसं? ती पुन्हा बाहेर गेली.

आत्या तिच्याकडे बघत होती. "कारभारीणबाई, दोन वेळा आत, दोन वेळा बाहेर. मांजरीला पिल्लं ठेवायला जागा मिळेना, असं चाललंय तुमचं."

"काही नाही, आत्या."

त्या काही नाहीतून तिने एक वाट काढली. परवा घंटा उशिरा द्यायची. पूर्ण चाळीस मिनिटांनी. समितीसमोर सात घागरी भरतील, बाप सुटेल. सोमवारी सर तास पूर्ववत करतील. कुणाला काही सांगायला नको, कुणाला काही लागायला नको. माणूस खोटं असंच बोलतो. तोंड न उघडता.

*

परवाच्या दुपारी उष्म्याने पत्रे तडतडत होते. शेवटची पाळी सुरू झाल्याचा टोला तिने दिला आणि वर्गात गेलीच नाही. व्हरांड्यात उभी राहिली. खाली समिती आली होती. तात्यांसाठी कुणीतरी खुर्ची आणली होती. ते बसले, बाप खड्ड्यात उतरला. एवढ्या लांबून तोंडं ओळखू येत नव्हती, पण बाप ओळखू येत होता.

तीस मिनिटं झाली. तिने कांब हातात घट्ट धरली. एकतीस. बत्तीस. वर्गावर्गातून चुळबुळ सुरू झाली. खेळाचे मास्तर बाहेर आले.

"काय गं, घंटा गिळलीस का?"

"सर, पाच मिनिटं."

"माझ्या घड्याळात तर..."

"सर, थोडं थांबा. पाया पडते."

तिच्या तोंडाकडे बघून मास्तर आत गेले. तिच्या कानशिलावरून घाम वाहत होता. छत्तीस. खाली घागरी सरकत होत्या. अडतीस. ती मनातल्या मनात बापाच्या अकरा हाका घालू लागली, संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. चाळीसला तिने टोला मारला, इतका जोरात की चिंचेवरची पाखरं उडाली.

खाली बाप वाकला, आटे बंद केले, वर आला. आता तो मान वर करेल. आता तात्या खुर्चीवरून उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवतील. ती वाट बघत राहिली.

तात्या उठले. हात पुढे केला आणि जमिनीकडे दाखवला. बाप जागचा हलला नाही. मग हळूच, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तशी त्याने चावी आडवी जमिनीवर ठेवली.

कारभारीण कांब हातात घेऊनच पळाली. फाटकातून, उतारावरून, चपलेचा अंगठा तुटला तशी एक चप्पल टाकून. मागून कुरळी हाका मारत येत होती. जमीन तळपायाला भाजत होती. घोळक्याशी पोचली तेव्हा तात्या बोलत होते.

"साडेसात घागरी. पंधरा दिवस पाच, आणि समिती खुर्ची टाकून बसली की साडेसात. आणखी काय पुरावा पाहिजे? पाणी होतं. चावी खरी होती. हात खोटा होता."

बाप आपल्या तळहातांकडे बघत होता. उसवलेल्या सदऱ्यातून छातीवरचा वळ दिसत होता. आपलंच म्हणणं खरं ठरल्याचा आनंद शिंपिणीच्या तोंडावर दिसत नव्हता.

"हात खोटा नाही," कारभारीण धापा टाकत म्हणाली. "घंटा खोटी होती. माझी."

सगळे वळले. तिने सांगितलं. कुरळी पडली, अर्ज लिहिला, तास तीस मिनिटांचे केले, आज मुद्दाम चाळीसला टोला दिला. शब्द एकमेकांच्या पायात येत होते. सांगून झाल्यावर तिला वाटलं होतं हलकं होईल. झालं नाही.

तात्या हसले. "शाबास. बापाचं लेकीनेच झाकायचं."

"तात्या, खरं आहे."

"बारा वर्षांत शाळेचे तास कधी बदलले नाहीत. आणि बदलले असते तर शाळा लवकर सुटली असती. पोरं तर वेळेवर घरी येतात."

"उरलेला अर्धा तास आम्ही चिंचेखाली बसतो," कुरळी मागून म्हणाली. "आई, खरंच."

"तू गप," शिंपीण तिच्यावर खेकसली. "मैत्रिणीसाठी घसा फाडायला..."

आणि मधेच थांबली. मानेतली पट्टी तिने हातात घेतली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "तात्या, थांबा. माझा एक सदरा दोन तासांत होतो. जेवून मशीनवर बसते, दोन तास संपल्याची घंटा झाली की सदरा हातावेगळा. मग पाणी भरायला उठायचं. बारा वर्षं हेच. मी घड्याळ बघत नाही, घंटाच ऐकते. आणि हे पंधरा दिवस..." तिने पट्टी मुठीत आवळली. "रोज एक बाही राहते. घंटा होते आणि बाही राहिलेली असते. मला वाटलं माझे डोळे गेले. हात गेले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर कोण कापड टाकेल माझ्याकडे? परवा गुपचूप जाऊन चष्म्यासाठी डोळे दाखवून आले. चष्मेवाला म्हणाला, बाई, डोळे चांगले आहेत तुमचे. मी त्यालाच खोटं म्हणून आले."

नळाच्या तोंडाशी उरलेला थेंब पडला, तो सगळ्यांनी ऐकला.

शिंपिणीने कारभारणीकडे पाहिलं. "एका तासाला किती कापलीस गं?"

"दहा मिनिटं, काकू."

"दोन तासांची वीस." शिंपिणीने मान हलवली. "वीस मिनिटं म्हणजे एक बाही. बरोबर आहे. पोरगी खरं बोलते."

तेवढ्यात उतारावरून मोठे सर येताना दिसले. उन्हात डोक्यावर रुमाल, हातात कागद. खेळाच्या मास्तरांनी त्यांना सांगितलं असावं. जवळ येऊन त्यांनी अर्ज तात्यांपुढे धरला. दम लागला होता, तरी बोलले.

"खाली सही माझी आहे. पोरीने मला परवाच सांगितलं होतं. मीच गप्प बस म्हणालो. नव्या खोल्यांचा कागद तुमच्याकडे आहे, तात्या. नाही झाल्या खोल्या तर नाही झाल्या."

तात्यांनी अर्ज घेतला, उलटा धरला, सुलटा केला. वाचत बसण्याइतकं त्यात काही नव्हतं, तरी बराच वेळ वाचत बसले. मग खुर्ची त्यांनी स्वतःच उचलली आणि बाजूला ठेवली.

"काखेत कळसा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. बाकीचं म्हणायची गरज नव्हती.

बाप जमिनीवरच्या चावीकडे बघत होता. लेकीकडे बघत नव्हता.

"बाबा," ती म्हणाली.

"मला आधी सांगायचं होतंस."

"सांगणार होते. दोनदा आले होते."

"दोनदा आलीस, ते कळलं मला." त्याने डोळे मिटून उघडले. "या लोकांनी चोर म्हटलं, ते मी पचवलं. पण आज पाणी जास्त आलं, तेव्हा माझाच माझ्या हातावरचा विश्वास उडाला. वाटलं, खरंच रोज कमी उघडत होतो की काय. देवाचं नाव घेता घेता एखादा आटा राहत होता की काय."

कारभारणीच्या हातातली कांब खाली पडली. दगडावर आपटून एकदा वाजली.

तात्या घसा साफ करत म्हणाले, "चावी उचला, चावीवाले. झालं ते झालं."

"उचलतो," बाप म्हणाला. "पण माझं एक ऐका. बापाच्या हातात चावी आणि लेकीच्या हातात घंटा, हे बरं नाही. आज ती खरं बोलली, तुम्ही खरं मानलं. उद्या कुणाची अर्धी घागर कमी भरली की तुम्ही पुन्हा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघाल. घंटा दुसऱ्या कुणाला द्या."

कारभारणीने बिल्ला काढायला छातीकडे हात नेला. पिन बोटात शिरली. मोठे सर म्हणाले, "बिल्ला राहू दे. तो खरं बोलणाऱ्याचाच असतो." मग घोळक्यावरून नजर फिरवून कुरळीपाशी थांबले. "घंटा हिला. शेवटची पाळी हिच्याच आळीची असते. ही घाई करणार नाही."

"आणि पत्र्याचं काय?" शिंपीण म्हणाली. "चाळीस मिनिटं बसायचं तर पोरं पुन्हा पडतील. आधी माझीच पडेल."

शिंपिणीने तात्यांकडे पाहिलं. "गिरणीत रिकामी पोती किती आहेत हो?"

*

पोती शंभरावर निघाली. खालच्या आळीच्या बायकांनी त्यांच्यात वाळकं गवत भरलं, शिंपिणीने सुतळीने ती एकाला एक जोडली आणि शिपायाने शिडी लावून ती पत्र्यावर पसरली. वर दगड ठेवले. आईने गिरणीतून येताना चार पोती डोक्यावर आणली. आत्या शाळेपर्यंत चालू शकत नव्हती, तिने दारात बसून गवत ठासलं. पाच पोती झाल्यावर म्हणाली, "आता ही शाळा एवढी मऊ झाली की पोरं झोपतील."

शिंपिणीने माफी मागितली नाही. कुरळीच्या हाती निरोप पाठवला, चावीवाल्याचा सदरा पाठवून द्या, छातीवर उसवलाय. सदरा दुसऱ्या दिवशी परत आला. उसवलेल्या जागी तिने आतून दुहेरी कापड लावलं होतं, बरोबर जिथे दांडा बसतो तिथे. बापाने ते बोटाने चाचपलं. "दोन तासांचं काम आहे," तो म्हणाला, आणि सदरा अंगात घातला.

लेकीशी तो बोलत होता. जेव म्हणायचा, दिवा लाव म्हणायचा. पण घंटेविषयी काही बोलत नव्हता, आणि तीही काढत नव्हती.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर कुरळी व्हरांड्यात गेली. कारभारीण आपल्या बाकावर बसून होती. पोत्यांखाली उकडत होतंच, पण तव्यासारखं नाही. कुरळीचा पहिला टोला अगदी भित्रा पडला, कांब रुळाला नुसती चाटून गेली. पोरं हसली. कारभारणीचं बोट बाकाच्या कडेवर आपोआप उचललं गेलं. तिने दुसऱ्या हाताने ते दाबून धरलं.

एक तास गेला, दुसरा गेला. शेवटच्या तासाच्या आधी कुरळीने टोला दिला, आणि या वेळी तो खणखणीत पडला, खालच्या टोकापर्यंत गेला.

सर फळ्याकडे वळले. कारभारणीने वही उघडली, पण पेन टेकवलं नाही. खाली आता बाप खड्ड्यात उतरला असेल. चावी बसवली असेल. छातीवरचं दुहेरी कापड दांड्याला लागलं असेल.

"देवा," ती ओठातल्या ओठात म्हणाली. मग पुन्हा. शेजारणीने वळून पाहिलं. कारभारीण सरळ फळ्याकडे बघत मोजत राहिली.

अकराव्या हाकेला खालच्या आळीत पहिल्या घागरीत पाणी पडलं असणार.